पडली तर उचलता यायला हवी

पाकीट अक्षराच्या नावाचं होतं आणि सुचेता हुद्दार ही दुसऱ्याचं पाकीट फोडणारी बाई नव्हती. पण पाकिटावर आरटीओचा शिक्का होता. आरटीओ म्हणजे रस्ता आणि रस्ता म्हणजे अपघात, हे तिच्या डोक्यात इतक्या झपाट्याने जुळलं, की कात्री हातात कधी आली ते तिचं तिलाच कळलं नाही. आतून लायसन्स निघालं. पक्कं. फोटोत तिची तेवीस वर्षांची लेक चोरी पकडल्यासारखी बघत होती, आणि तिला गिअरची मोटारसायकल चालवायला सरकारची परवानगी होती.

संध्याकाळी अक्षरा घरात शिरली, तेव्हा ते लायसन्स जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभं केलेलं होतं. देवाची तसबीर ठेवावी तसं.

"हे काय आहे?"

"लायसन्स."

"ते वाचता येतं मला. बी.एस्सी. झालेय मी. कधी केलंस हे?"

"तीन महिने झाले शिकायला लागून. शनिवारी."

"म्हणजे दर शनिवारी ऑफिस आहे म्हणून सांगत होतीस ते खोटं?"

"दर शनिवारी नाही. दुसऱ्या शनिवारी खरंच असायचं."

सुचेताचा नवरा अरविंद हातातल्या वर्तमानपत्राआड हसला. सुचेताने नुसतं त्या वर्तमानपत्राकडे पाहिलं आणि ते गपकन वर सरकलं.

अक्षरा आनेकलजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. बेंगळुरूच्या जयनगरातल्या घरापासून तीसेक किलोमीटर. सकाळी जायला आणि रात्री आठला सुटल्यावर परत यायला कंपनीची व्हॅन होती. ती व्हॅन आता बंद होणार होती. येत्या एक तारखेपासून ज्याने त्याने आपापलं यायचं, अशी नोटीस लागली होती. जाताना बस मिळायची, पण रात्री आठनंतर कारखान्याच्या फाट्यावरून बस कधी येईल ते बसलाच ठाऊक. प्रयोगशाळेत पाच मुली होत्या. नोटीस लागली त्या आठवड्यात दोघींनी राजीनामे दिले.

"मी तिसरी होणार नाही," अक्षरा म्हणाली. "सेकंडहँड मोटारसायकल घेतेय. माझ्या पैशांनी. तुला एक तारखेला सांगणारच होते."

"एक तारखेला? गाडीवर बसून?"

"हो, म्हणजे... बसूनच सांगणार होते."

सुचेता काळजीखोर होती हे अख्ख्या सोसायटीला माहीत होतं. सांगलीहून लग्न होऊन ती बेंगळुरूला आली त्याला सव्वीस वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी गेली असतील गॅसचं बटण पुन्हा बघण्यात. कुणी प्रवासाला निघालं की ती तीन फोन करायची: निघालात का, कुठे पोहोचलात, पोहोचलात का. चौथा फोन ती मनातल्या मनात करायची. पण या काळजीच्या पोटात एक खरी गोष्ट होती आणि ती या घरात कुणी काढत नसे.

चौदा वर्षांपूर्वी अरविंद आणि ती स्कूटरवरून बनशंकरीहून घरी येत होते. वळणावर वाळू पडलेली होती. स्कूटर घसरली. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली सुचेता साडीसकट बाजूला फेकली गेली, तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. अरविंदचा पाय मात्र स्कूटरखाली अडकला. तिने दोन्ही हातांनी हँडल धरून ओढलं. स्कूटर हलली नाही. पुन्हा ओढलं. हलली नाही. पलीकडच्या फुटपाथवरून दोन माणसं धावत येईपर्यंत पाचेक मिनिटं गेली असतील. त्या पाच मिनिटांत अरविंद ओरडत नव्हता, नुसता तिच्याकडे बघत होता. ऑपरेशन करून पायात सळई बसवली. एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर असलेला हा माणूस आजही जिना कठडा धरून चढतो. स्कूटर विकली गेली, आणि त्यानंतर या घरात दुचाकी आली नाही.

त्यामुळे त्या संध्याकाळी सुचेता काय म्हणणार हे बाप-लेकीला तोंडपाठ होतं. नोकरी सोड, म्हणणार. नाहीतर अरविंदचे थोरले भाऊ पद्माकर हेब्बाळला कुणाच्या तरी ऑफिसात चिकटवून देतो म्हणाले होते, तिथे जा, म्हणणार.

सुचेताने तांब्याला टेकलेलं लायसन्स सरळ केलं. मग म्हणाली, "तुला ती नोकरी आवडते?"

"हो."

"दोघींनी सोडली, मग तुझ्यावर काम वाढेल."

"मी सीनियर होईन, आई."

"अस्सं." सुचेताने लायसन्स उचलून आपल्या कपाटात ठेवलं. "गाडी मी निवडणार. मला पटल्याशिवाय एकही गाडी या दारात येणार नाही. आणि पद्माकरअण्णांना कुणी काही सांगायचं नाही."

अरविंदचं वर्तमानपत्र खाली आलं. "तू निवडणार? तुला मोटारसायकलमधलं काय कळतं?"

"उद्यापासून कळेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता सुचेता मागच्या गल्लीतल्या मंजुनाथच्या गॅरेजात जाऊन स्टुलावर बसली. मंजुनाथ पन्नाशीचा, अरविंदची स्कूटर शेवटी त्यानेच विकत घेतली होती. त्याला वाटलं अक्का चुकून आल्या.

"बोला अक्का, काय काम?"

"काम तू कर. मी बघते."

ती रोज आली. चार ते सहा, सलग आठवडाभर. येताना शेंगदाण्याची चटणी किंवा थालीपीठ आणायची आणि बदल्यात प्रश्न विचारायची. निळा धूर का येतो? तेल जळतं म्हणून. चेन ज्या चक्रावर फिरते त्याचे दाते असे वाकडे का? झिजले, खर्च आहे. एका बाजूचा ब्रेकचा दांडा वाकलेला असेल तर? त्या बाजूला पडलेली आहे, मालक काहीही सांगो. किलोमीटरचा आकडा खरा कशावरून? तेव्हा मंजुनाथने तिला खाली वाकायला लावलं आणि पाय ठेवायच्या जागेचं रबर दाखवलं. "आकडा फिरवता येतो अक्का. हे रबर कुणी फिरवत नाही."

"आणि सर्वांत महत्त्वाचं?"

"इंजिन गार पाहिजे. गाडी बघायला जाल तेव्हा आधी हात लावून बघा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच त्याने चालू करून ठेवलेली. म्हणजे थंड असताना ती सुरू होत नाही. लपवतोय."

हे सुचेताला ताबडतोब समजलं. तिने आयुष्यभर तेच केलं होतं. हाताचा मागचा भाग लेकीच्या कपाळावर, दुधाच्या पातेल्यावर, शाळेतून आल्यावर 'काही नाही झालं' म्हणणाऱ्या मानेवर.

"अक्का, तुम्ही काय मेकॅनिक होणार का आता?"

"नाही रे. फसणार नाही, एवढंच व्हायचंय."

स्कूटरच घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. मुलींना स्कूटर बरी. यावर अक्षराचं उत्तर तयार होतं: बन्नेरघट्ट्याच्या पुढचा रस्ता बघून या आणि मग बोला. मोठ्या चाकाला खड्डा लहान. मंजुनाथनेही मान हलवली तेव्हा सुचेताने स्कूटरचा विषय बंद केला.

मग गाड्या बघणं सुरू झालं. पहिल्या गाडीचं इंजिन सुचेताने हात लावताच सोडलं आणि तशीच वळून चालू लागली. विकणारा मागून "आंटी, राइड तो लेके देखो" म्हणत राहिला. "ताप आहे तिला," ती म्हणाली, आणि रिक्षात बसली. दुसऱ्या गाडीचं मीटर बारा हजार सांगत होतं आणि पायाखालचं रबर साबणाच्या चिपटीसारखं झिजलेलं होतं. तिसऱ्या ठिकाणी माणूस फक्त अरविंदशी बोलत होता. गाडी अक्षरा घेणार, प्रश्न सुचेता विचारणार, उत्तरं अरविंदला. शेवटी अरविंद म्हणाला, "अहो, मला काय सांगताय? मी फक्त रिक्षाचे पैसे द्यायला आलोय." चौथीच्या पुढच्या नळ्यांतून तेल गळत होतं. पाचवीची कागदपत्रं 'गावाला' होती.

वीस तारीख उजाडली. अक्षराने बसचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. म्हणजे ती घाबरली होती.

त्याच दिवशी मराठी मंडळाच्या ग्रुपवर पुष्करचा निरोप आला. पुष्कर पुण्याचा, आयटीतला, बत्तिशीचा. पुण्याला परत बदली होतेय, मोटारसायकल विकायची आहे, शक्यतो आपल्या माणसाला. फोटोत गाडी लालभडक, आणि नंबर एमएच बाराचा.

"काकू, या ना घरी," फोनवर तो म्हणाला. "चहा घेऊ, निवांत बघा."

बाहेर सगळीकडे ती अक्का होती, नाहीतर आंटी. काकू या एका शब्दाने सुचेताच्या आत काहीतरी सैल झालं. पुष्करने पोहे केले होते. वर ओलं खोबरं. गप्पांत त्याची आत्या सांगलीची निघाली, विश्रामबागची. सुचेताने गाडीभोवती एक फेरी मारली. इंजिन कोमट लागलं, तसा पुष्कर म्हणाला, "आत्ताच दूध आणायला गेलो होतो काकू," आणि ती हसली. कागदपत्रांची प्लास्टिकची फाइल होती, ती तिने उघडून बंद केली. अक्षरा गाडीवर बसली तेव्हा तिचे फक्त चवडे जमिनीला टेकत होते, गाडी जडही होती, पण लाल रंगाने तिचे डोळे दिपले होते आणि 'आपला' या शब्दाने आईचे. ठरवलेल्या रकमेपेक्षा किंमत बरीच वर जात होती. तरी पाच हजार विसार देऊन मायलेकी उड्या मारत घरी आल्या.

परक्या पाच जणांना घारीच्या नजरेने तपासणारी बाई स्वतःच्या भाषेपुढे डोळे मिटून बसली. आपला तो बाब्या.

पाच दिवसांनी, पंचवीस तारखेला, गाडी आणायच्या आधी तिने केवळ कौतुक करून घ्यायला मंजुनाथला नंबर दाखवला. त्याने फोनमध्ये तो टाइप केला आणि फोन तिच्या हातात दिला.

"अक्का, खाली बँकेचं नाव आहे. कर्ज फिटलेलं नाही. विमा मे महिन्यात संपला. आणि गाडी महाराष्ट्राची. आधी बँकेचं पत्र, मग पुण्याच्या आरटीओचं पत्र, मग इथे पुन्हा नोंदणी, इथला टॅक्स. दोन महिने धरा. स्वल्प जास्तच."

"पण तो म्हणाला सगळे कागद आहेत."

"तुम्ही वाचले?"

मंजुनाथने अजून एकच विचारलं, "इंजिन गार होतं?"

ती स्टुलावरून उठली आणि घरी आली. एक तारखेला सहा दिवस उरले होते. तिने पुष्करला फोन केला. तो म्हणाला, "अहो काकू, होऊन जाईल. एजंट आहे माझा. तोवर चालवा की एमएचवर, इथे कोण विचारतंय?" पैसे परत हवेत म्हटल्यावर तो म्हणाला, आता दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही सांगून बसलोय. आणि संध्याकाळी पद्माकरअण्णांचा फोन आला. अण्णा मंडळाचे चिटणीस. बातमी त्यांच्यापर्यंत पुष्करच्या तोंडून पोहोचली होती, म्हणजे अक्षराच्या मोटारसायकलचीही.

"रविवारी मंडळात या. तिथे बोलू," ते म्हणाले.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये दसऱ्याच्या कार्यक्रमाची बैठक होती. सव्वीस वर्षं सुचेता या हॉलमध्ये येत होती, आणि त्यातली पंचवीस तरी तिने मागच्या स्वयंपाकघरात काढली होती. बैठक संपली तसं अण्णांनी तिला, अरविंदला, अक्षराला आणि पुष्करला थांबवून घेतलं. पाच-सात जण खुर्च्या गोळा करण्याच्या निमित्ताने आसपास रेंगाळलेच.

"सुचेता, आपसातली गोष्ट आहे," अण्णा म्हणाले. "चव्हाट्यावर नको. पुष्कर काही पळून जात नाहीये. दोन महिने थांबायचं. तोवर अक्षराला हेब्बाळच्या ऑफिसात बसू दे, मी बोललोय. तसंही मुलीने एवढ्या लांब मोटारसायकल दामटायची म्हणजे... उद्या स्थळं बघायची तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील, अण्णा?"

"म्हणजे?"

"नाही, खरंच विचारतेय. काय म्हणतील? मुलगी वेळेवर कामावर जाते, म्हणतील?"

कुणीतरी खुर्ची जोरात मिटली.

"तू उगाच शब्दाला शब्द वाढवू नकोस," अण्णा म्हणाले. "अरविंद, तू तरी सांग हिला."

अरविंद कठड्यासारखी खुर्चीची पाठ धरून उभा होता. "अण्णा, ती आठवडाभर गॅरेजात बसून आलीय. मी नाही बसलो. तिलाच बोलू दे."

सुचेता पुष्करकडे वळली. "पुष्कर, तू वाईट मुलगा नाहीस. पोहे चांगले करतोस. पण कर्ज आहे हे तू मला सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. परका असतास तर विचारलं असतं. आपला म्हणून नाही विचारलं. ही माझी चूक, ती मी कबूल करते. आता तुझी तू कबूल कर."

"काकू, अहो पण इथे निम्मे लोक एमएचवरच फिरतात. कुणी विचारत नाही."

"मी विचारतेय ना! माझी मुलगी रात्री आठ वाजता जिच्यावर बसणार, तिचा विमा नाही. उद्या काही झालं तर पैसे द्यायला मंडळ येणार आहे? अण्णा, वर्गणी काढाल?" तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला जराही इच्छा नव्हती. "आपसात म्हणून गप्प बसायचं, हे मी पुष्कळ वर्षं केलं. मी आता बसणार नाही. पैसे परत दे. आत्ता. फोन खिशात आहे तुझ्या."

पुष्करने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी छताकडे. मग सुचेताच्या फोनवर टुंग वाजलं.

"थँक यू," ती म्हणाली. "पुण्याला जाण्याआधी जेवायला ये एकदा. खरंच सांगतेय."

बाहेर येऊन तिने रिक्षाला हात केला. अक्षराने तिचा दंड धरला. "आई, तू भारी आहेस."

"भारी नाही. पाच दिवस उरलेत. चल."

सव्वीसचा रविवार संपला, सोमवार गेला, आणि मंगळवारी मंजुनाथने स्वतः फोन केला. आनेकलला त्याच्या बायकोच्या नात्यात पापण्णा म्हणून निवृत्त शाळामास्तर आहेत. सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणतात. गुडघा गेलाय म्हणून नऊ वर्षं वापरलेली मोटारसायकल काढायची आहे. "काळी आहे. दिसायला काही नाही," मंजुनाथ म्हणाला. "पण बघा."

मेष्ट्रूंच्या घराच्या पडवीत, पोत्याने झाकलेली ती उभी होती. शंभर सीसीची, काळी, टाकीवरचा रंग मांडीच्या घासण्याने उडालेला. सुचेताने पोतं बाजूला केलं आणि हाताचा मागचा भाग इंजिनला लावला. माठासारखं गार.

"सकाळपासून हात लावलेला नाही," मेष्ट्रु कानडीत म्हणाले. "मंजुनाथने सांगितलं, अम्मा आधी ताप बघतात."

सुचेताला हसू आलं, पण तिने ते दाबलं. यावेळी ती कागद घेऊन पायरीवर बसली आणि सगळे वाचले. इंजिनवरचा नंबर नोंदणीच्या पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. बँक नाही. विमा मार्चपर्यंत. रबर झिजलेलं होतं, पण मीटरने सांगितलं तेवढंच. पहिल्या किकला गाडी सुरू झाली आणि धूर निघाला नाही. अक्षरा बसली तेव्हा तिची दोन्ही पावलं सपाट जमिनीवर टेकली.

"हुडुगिगा?" मेष्ट्रूंनी आता विचारलं. मुलीसाठी का? "स्कूटर घ्या ना, अम्मा. ही पडली तर तिला झेपेल?"

पुष्करच्या गाडीपाशी जो प्रश्न कुणी विचारला नव्हता, तो हा. सुचेता उभी राहिली.

"अक्षरा, आडवी पाड ती."

"काय?"

"गाडी. आडवी पाड."

"अय्यो!" मेष्ट्रु पुढे झाले. नऊ वर्षांत त्यांनी ती एकदाही पडू दिली नव्हती. पण सुचेताच्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले, आत गेले आणि दोन पोती घेऊन आले. ती त्यांनी जमिनीवर नीट पसरली आणि आजाऱ्याला निजवावं तशी गाडी तिघांनी मिळून उजव्या अंगावर निजवली.

"आता उचल."

अक्षराने हँडल धरून ओढलं. गाडी दोन बोटं उठली आणि परत बसली. पुन्हा ओढलं, तिचा चेहरा लाल झाला. चौदा वर्षांपूर्वीचं ते वळण सुचेताच्या डोळ्यांपुढून सरकलं आणि तिने स्वतःची बोटं तळव्यात रोवली.

"हाताने नाही," ती म्हणाली. "मंजुनाथने गॅरेजात दाखवलंय मला. आधी स्टँड उघड, म्हणजे पलीकडे जाणार नाही. हँडल वळव. पाठ लाव सीटला. खाली बस. आता पायांनी मागे ढकल."

अक्षरा पाठ लावून उकिडवी बसली. एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला. टाचा रोवून तिने ढकललं. गाडी आधी कुरकुरली, मग एकदम हलकी झाली आणि स्टँडवर उभी राहिली. अक्षरा घामाने निथळत हसली.

"सरी?" सुचेताने मेष्ट्रूंना विचारलं. जमलं ना?

"सरी, सरी."

"मग पुन्हा पाडा."

"आता कशाला?" अक्षरा म्हणाली.

सुचेताने पदर कमरेला खोचला, निऱ्या वर घेतल्या, चपला काढल्या. पन्नास वर्षांची ती बाई परक्या अंगणात मोटारसायकलला पाठ लावून बसली. पहिल्या झटक्यात काहीच झालं नाही. मेष्ट्रु पुढे सरकले, अक्षरा पुढे सरकली. "कुणी हात लावायचा नाही," ती दात आवळून म्हणाली. पायांत कळ आली, पाठीत आली, आणि मग मागचं ते लोखंड हललं. ते वर येत होतं. ती मागे मागे पाऊल टाकत राहिली आणि शेवटी स्टँड टेकल्याचा आवाज आला.

ती तशीच पाठ लावून उभी राहिली. डोळे पुसायला पदर काढायचा तर तो कमरेला घट्ट खोचलेला होता, म्हणून तिने मनगटाने पुसले. अक्षराने तिच्या चपला आणून पायांपाशी ठेवल्या. तिला ते वळण ठाऊक होतं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मेष्ट्रूंनी तीस हजार सांगितले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सुचेताने घासाघीस केली नाही.

नाव बदलण्याचा अर्ज भरून झाला, पावती हातात आली, मंजुनाथने चेन आणि ब्रेक नवे घातले. एक तारखेला सकाळी सहा वाजता अक्षरा गाडीपाशी आली, तर आई आधीच उभी. अंगात पंजाबी ड्रेस, डोक्यावर नवं हेल्मेट.

"तू कुठे?"

"तुझ्याबरोबर. गेटपर्यंत. येताना बसने येईन. बायकांना फुकट आहे."

"आई, मी लहान आहे का?"

"तू नाहीस. मी आहे. आज एक दिवस, उद्यापासून नाही. बस."

वरच्या बाल्कनीत अरविंद कठड्याला धरून उभा होता. आयुष्यभर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या सुचेताने त्याच्या देखत पाय पलीकडे टाकला आणि दोन्ही बाजूंनी गाडी घट्ट धरली.

जिगणीच्या पुढे रस्त्याच्या कडेला खडी पडली होती. मागून ट्रकने हॉर्न मारला, अक्षराने गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि पाय टेकवला तो नेमका खडीवर. पाय सरकला. गाडी सावकाश, अगदी पोत्यांवर निजवल्यासारखी, उजवीकडे कलंडली. दोघी उड्या मारून बाजूला झाल्या. सुचेताचं कोपर खरचटलं. समोरच्या चहाच्या टपरीवरून तीन माणसं धावत आली.

"बिडि अम्मा, नावु एत्तीवि," पहिला म्हणाला. सोडा, आम्ही उचलतो.

चौदा वर्षांपूर्वी याच शब्दांची तिने किती वाट पाहिली होती. सुचेता त्यांच्या आणि गाडीच्या मधे उभी राहिली आणि तिने हात आडवा केला.

"बेडा. स्वल्प निल्ली. अवळे एत्ताळे."

थांबा जरा, तीच उचलेल. माणसं थांबली. एकाच्या हातात अजून चहाचा ग्लास होता. अक्षराने स्टँड उघडला, हँडल वळवलं, गाडीला पाठ लावली. सुचेताने आपले हात मागे बांधून घेतले, कारण ते ऐकत नव्हते. गाडी उठली. चहावाल्याने "परवागिल्ला!" म्हणून दाद दिली, आणि सुचेताने हेल्मेटचा पट्टा पुन्हा आवळून पाय पलीकडे टाकला.

कारखान्याच्या गेटवर अक्षरा सव्वासातला पोहोचली, पंधरा मिनिटं आधी. ती आत गेली तसा सुचेताचा फोन वाजला. अरविंद होता. या घरात असे फोन आजवर दुसऱ्या बाजूने जात असत.

"पोहोचलात का?"

"पडलो. उचलली. पोहोचलो."

मग त्याने हळूच विचारलं, "कुणी उचलली?"

"तुमच्या मुलीने. लोक आले होते. मी हात लावू दिला नाही कुणाला."

फाट्यावर बस येताना दिसली. सुचेताने कोपरावरची खडी झटकली आणि हात दाखवला.